ट्रुबी किंग: बाळाच्या भुकेला घड्याळ लावणारा डॉक्टर

घरात बाळ आलं की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न उभा राहतो. बाळाला किती वेळानं पाजायचं? आजीचं मत असतं की रडलं की घ्यावं. कुणी सांगतं, दर तीन तासांनीच पाजा, नाहीतर वाईट सवय लागेल. कालपर्यंत दोन-दोन तास शांत झोपणारं बाळ आज संध्याकाळपासून सारखं दूध मागायला लागलं की बाळंतिणीला वाटतं, आपलं दूधच कमी पडतंय.

घड्याळ बघून पाजण्याचा सल्ला आजही अनेक घरांत ऐकू येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा सल्ला अनेक देशांत पोचवण्यात एका माणसाचा मोठा वाटा होता. त्यांचं नाव सर फ्रेडरिक ट्रुबी किंग. न्यूझीलंडमध्ये त्यांनी बाळांसाठी देशव्यापी चळवळ उभी केली, आईच्या दुधाचा जोरदार पुरस्कार केला आणि त्याच दुधाला चार तासांचं वेळापत्रक लावलं. त्यांचं काय बरोबर होतं आणि काय चुकलं, हे समजून घेतलं तर बाळाची भूक समजून घेणं सोपं जातं.

कोण होते ट्रुबी किंग?

किंग यांचा जन्म १ एप्रिल १८५८ रोजी न्यूझीलंडमधल्या न्यू प्लिमथ या गावी झाला. वडील थॉमस किंग हे तिथल्या सुरुवातीच्या इंग्रज वसाहतवाल्यांपैकी एक. ट्रुबी यांची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. तरुणपणी त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. मग १८८० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी युरोपला गेले.

एडिंबरा विद्यापीठातून १८८६ मध्ये ते वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी सार्वजनिक आरोग्य या विषयाचाही अभ्यास केला. त्या काळात हा विषय नवा होता. आजार झाल्यावर औषध देण्यापेक्षा पाणी, हवा, अन्न आणि स्वच्छता सुधारून आजार टाळावा, हा विचार तिथेच त्यांच्या मनात पक्का झाला. १८८७ मध्ये एडिंबरातच त्यांचं इसाबेला मिलर यांच्याशी लग्न झालं. पुढच्या सगळ्या कामात इसाबेला यांचा वाटा मोठा होता.

न्यूझीलंडला परतल्यावर १८८९ मध्ये किंग ड्युनेडिन शहराजवळच्या सीक्लिफ मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले. पुढची जवळपास तीस वर्षं ते या पदावर होते. म्हणजे बाळांचे डॉक्टर म्हणून जगाला माहीत झालेला हा माणूस नोकरीनं मनोरुग्णांचा डॉक्टर होता.

सुरुवात वासरांपासून

सीक्लिफला मोठी शेती आणि गोठा होता. रुग्णांना कोंडून ठेवण्यापेक्षा मोकळी हवा, चांगलं जेवण आणि शेतातलं काम द्यावं, असं किंग यांचं मत होतं. त्यामुळे शेती हा त्यांच्यासाठी उपचाराचाच भाग होता. पिकांना कोणतं खत किती द्यायचं, जनावरांना काय खायला घालायचं, याचे ते बारकाईनं प्रयोग करत.

गोठ्यात गायीपासून तोडून बादलीनं दूध पाजलेली वासरं हगवणीनं मरत होती. किंग यांनी दुधाचं प्रमाण, त्यातले घटक आणि पाजण्याची पद्धत बदलली, आणि वासरं तगू लागली. इथून त्यांच्या डोक्यात एक विचार आला. वासरांसाठी जर इतकं काटेकोर शास्त्र असेल, तर माणसाच्या बाळाला मात्र काहीही, कसंही पाजलं जातं, हे कसं चालेल?

याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. १९०४ मध्ये किंग दांपत्य जपानला गेलं. तिथल्या आया बाळांना दीर्घकाळ अंगावर पाजतात आणि बाळं धष्टपुष्ट असतात, हे त्यांनी पाहिलं. दुसरी गोष्ट घरातली. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी एका अशक्त, अंग न धरणाऱ्या मुलीला दत्तक घेतलं. गायीच्या दुधात योग्य फेरफार करून दिल्यावर ती मुलगी बाळसं धरू लागली. तिचं नाव त्यांनी मेरी ठेवलं.

तेव्हा बाळं का दगावत होती?

आज चार तासांचा नियम वाचला की तो क्रूर वाटतो. पण तो कशातून आला, हे पाहायला हवं.

त्या काळी वरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांचं मरण्याचं प्रमाण भयानक होतं. दूध उघड्या भांड्यातून येई, घरात ते थंड ठेवायची सोय नसे. दूध पाजायच्या बाटल्यांना लांब रबरी नळी असे. ती नीट धुताच येत नसे आणि तिच्यात जंतू वाढत. उन्हाळा आला की हगवणीची साथ येई आणि सगळ्यात आधी बाटलीवरची बाळं जात. बाळ रडलं की पुन्हा तीच बाटली तोंडात दिली जाई.

अशा परिस्थितीत डॉक्टरांचा समज झाला होता की बाळं जास्त पाजल्यामुळे आजारी पडतात. पोटाला विश्रांती द्यावी, दोन पाजण्यांमध्ये ठरावीक अंतर ठेवावं, असा सल्ला रूढ झाला. हा विचार किंग यांचा स्वतःचा नव्हता. इंग्लंडमध्ये विल्यम कॅडोगन या डॉक्टरनं १७४८ मध्येच दिवसातून चार वेळा पाजणं पुरेसं असल्याचं लिहिलं होतं. अमेरिकेत एमेट होल्ट यांचं १८९४ चं पुस्तकही वेळापत्रकावर भर देणारं होतं. किंग यांनी केलं ते वेगळंच. त्यांनी हा नियम एका मोठ्या संघटनेच्या मार्फत घराघरांत पोचवला.

प्लंकेट सोसायटी

१९०७ मध्ये ड्युनेडिनच्या सभेत स्त्रिया आणि मुलांच्या आरोग्यासाठी एक संस्था स्थापन झाली. तेव्हाच्या गव्हर्नरची पत्नी लेडी व्हिक्टोरिया प्लंकेट यांनी या कामाचा हिरिरीनं प्रचार केला. त्यांच्या नावावरून संस्थेला प्लंकेट सोसायटी म्हणू लागले.

त्याआधीच किंग यांनी समुद्रकाठच्या कॅरिटाने या गावातल्या आपल्या घरात अशक्त बाळांना आणून सांभाळायला सुरुवात केली होती. सीक्लिफमधल्या जोआना मॅकिनन या परिचारिकेला त्यांनी ड्युनेडिनमध्ये घरोघरी जाऊन आयांना शिकवायला पाठवलं. पुढे याच धर्तीवर प्रशिक्षित प्लंकेट परिचारिका देशभर काम करू लागल्या. त्या घरी येत, बाळाचं वजन करत, ते नोंदवून ठेवत, आईला पाजण्याची पद्धत दाखवत आणि बाटली कशी उकळायची ते शिकवत. आपल्याकडच्या अंगणवाडीतला वजनकाटा आणि वाढीचा तक्ता आठवला तर या कामाची कल्पना येईल.

इसाबेला किंग बाळांच्या संगोपनावर वर्तमानपत्रात टोपणनावानं सदर लिहीत. ते सदर अनेक वृत्तपत्रांत छापलं जाई. १९१३ मध्ये किंग यांचं बाळाच्या आहारावरचं आणि निगेवरचं पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झालं. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना लंडनला बोलावण्यात आलं आणि तिथेही आयांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं.

या सगळ्यामागे साम्राज्याची चिंताही होती. जन्मदर घटतोय, ब्रिटिश साम्राज्याला सुदृढ प्रजा हवी, असा तो काळ होता. किंग त्याच विचारात वाढलेले होते. मुलींनी फार शिकलं तर त्यांच्या आईपणावर वाईट परिणाम होतो, असंही ते जाहीरपणे मांडत. त्यांच्या चांगल्या कामाबरोबर ही बाजूही सांगायला हवी.

चार तासांचा नियम काय होता?

किंग यांच्या पद्धतीत बाळाचा दिवस आखलेला असे. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०, अशा पाच वेळा पाजायचं. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत काही द्यायचं नाही. काही बाळांसाठी तीन तासांच्या अंतराची मुभा होती, पण ध्येय चार तासांचंच. मधल्या वेळात बाळ रडलं तर त्याला उचलायची घाई करायची नाही. भरपूर मोकळी हवा, ठरलेली झोप, ठरलेली शी, आणि लाड बेतानं.

यात दोन गोष्टी एकत्र होत्या. एक, आईचं दूध सर्वांत उत्तम, हा आग्रह. किंग यांनी तो कधी सोडला नाही. दोन, ते दूध घड्याळाप्रमाणेच द्यायचं, हाही आग्रह. ज्या आयांना अंगावर दूध नसे त्यांच्यासाठी गायीच्या दुधातली प्रथिनं कमी करून, साखर आणि स्निग्धांश वाढवून आईच्या दुधाच्या जवळ जाणारं दूध बनवण्याची कृती त्यांनी दिली. पुढे यासाठी लागणारी कॅरिलॅक आणि कॅरिऑल ही उत्पादनं वेलिंग्टनमध्ये तयार होऊ लागली.

गफलत कुठे झाली?

घड्याळाचा नियम मुळात बाटलीच्या काळजीतून आलेला होता. तो अंगावर पिणाऱ्या बाळालाही तसाच लावला गेला, आणि गफलत तिथे झाली.

आईचं दूध गायीच्या दुधापेक्षा लवकर पचतं. त्यामुळे अंगावर पिणाऱ्या बाळाला लवकर भूक लागते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आईचं दूध मागणीप्रमाणे तयार होतं. बाळ जितकं ओढेल आणि स्तन जितका रिकामा होईल, तितकं नवं दूध बनतं. स्तन बराच वेळ भरलेला राहिला की शरीराला खूण मिळते की एवढ्या दुधाची गरज नाही, आणि दूध बनण्याचा वेग मंदावतो. दूध तयार करायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं प्रमाण रात्री जास्त असतं. म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं बंद केलं तर दूध टिकवण्याची चांगली वेळच हातातून जाते.

आता त्या काळातल्या एखाद्या आईचा विचार करा. तिला सांगितलंय, अंगावरच पाज. आणि सांगितलंय, चार तासांनीच पाज. बाळ भुकेनं रडतंय, पण घड्याळात अजून दीड तास बाकी आहे. काही आठवड्यांनी दूध कमी होतं. वजनकाट्यावर बाळाचं वजन वाढलेलं दिसत नाही. मग दोष कुणाचा? पद्धत शास्त्रीय मानलेली, त्यामुळे दोष आईच्याच माथी. ज्या माणसाला प्रत्येक बाळाला आईचं दूध मिळावं असं वाटत होतं, त्याच्याच नियमामुळे अनेकींचं दूध आटण्याची वेळ येत होती. सगळ्यांच्याच बाबतीत असं झालं नाही. ज्यांच्या स्तनांत एका वेळी भरपूर दूध साठतं, अशा स्त्रियांना पाच वेळा पाजूनही भागत असे. म्हणून नियम बरोबर असल्याचाही अनुभव अनेक घरांत येत राहिला.

बाळाची भूक खरं तर कशी बदलते?

१९४२ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस सिमसारियन आणि प्रेस्टन मॅकलेंडन यांनी एका बाळाच्या पहिल्या १२ आठवड्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्या बाळाला मागेल तेव्हा पाजलं होतं. बाळाला स्वतःची भूक कळते, हा विचार पुन्हा मूळ धरू लागला. १९४६ मध्ये बेंजामिन स्पॉक यांच्या पुस्तकानं तो घराघरांत नेला.

त्यानंतरच्या संशोधनातून चित्र आणखी स्पष्ट झालं. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चमचाभर चीक पितं. त्याच्या पोटाला तेवढंच पुरतं. पहिला आठवडा संपेपर्यंत ते एका वेळी ४५ ते ६० मिलीलिटरपर्यंत पिऊ लागतं. या दिवसांत २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत पुन्हा जन्माच्या वजनावर येतं.

मग मध्येच काही दिवस असे येतात की बाळ तासातासाला दूध मागतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला, सहाव्या आठवड्याच्या आसपास आणि तिसऱ्या महिन्याला असं होणं अनेक घरांत दिसतं. संध्याकाळी पाठोपाठ पिणं हेही नेहमीचंच. यात बहुतेक वेळा दूध कमी झालेलं नसतं. बाळ जास्त ओढून आईचं दूध आपल्या नव्या गरजेपर्यंत आणत असतं. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. नेमक्या याच दिवसांत घाबरून वरचं दूध सुरू केलं तर बाळ कमी ओढतं आणि अंगावरचं दूध खरंच कमी होतं.

ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये जॅकलीन केंट आणि सहकाऱ्यांनी १ ते ६ महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या ७१ निरोगी बाळांचा अभ्यास केला. ही बाळं दिवसातून ६ ते १८ वेळा पीत होती. दिवसभरातलं दूध कुणाचं ४७८ ग्रॅम, तर कुणाचं १३५६ ग्रॅम. निम्म्याहून जास्त बाळं रात्रीही पीत होती. या सगळ्यांना एकच वेळापत्रक कसं लावणार?

आणखी एक गंमत आहे. पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाचं दिवसाचं एकूण दूध फारसं वाढत नाही. बाळ मोठं होतं, पण वाढीचा वेग मंदावतो, म्हणून तेवढंच दूध पुरतं. सहा महिन्यांनंतर मात्र दुधाबरोबर मऊ भात, वरण, कुस्करलेलं फळ असं अन्न लागतं. आणि वर्षाच्या पुढे मूल अचानक कमी खायला लागतं, तेही याच कारणानं. वाढ मंदावली की भूक मंदावते.

किंग यांच्यामुळे बालमृत्यू घटले का?

न्यूझीलंडमध्ये १९०७ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सुमारे ८९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. तीस वर्षांत हा आकडा ३२ च्या आसपास आला. जगातल्या सर्वांत कमी बालमृत्यूंच्या देशांमध्ये न्यूझीलंडची गणना होऊ लागली आणि त्याचं श्रेय किंग यांना मिळालं.

इतिहासकार इथे जरा थांबायला सांगतात. बालमृत्यू प्लंकेट सोसायटीच्या आधीपासूनच घटू लागले होते. स्वच्छ पाणी, गटारं, लहान होत गेलेली कुटुंबं यांचाही त्यात वाटा होता. शिवाय हे आकडे माओरी बाळांना सोडून मोजलेले होते. माओरी बाळांचे मृत्यू त्या काळी कितीतरी जास्त होते आणि संस्थेचं काम त्यांच्यापर्यंत फारसं पोचलं नव्हतं. तरीही घरी येणारी परिचारिका, उकळलेली बाटली, नियमित वजन आणि अंगावर पाजण्याचा आग्रह यांनी बाळं वाचली, हे नाकारता येत नाही.

शेवटची वर्षं

१९२१ मध्ये किंग देशाच्या आरोग्य खात्यात बालकल्याण विभागाचे संचालक झाले. १९२५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९२७ मध्ये इसाबेला गेल्या आणि त्यानंतर किंगही खचत गेले. १० फेब्रुवारी १९३८ रोजी वेलिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. सरकारी पदावर नसतानाही शासकीय इतमामात निरोप मिळालेले ते न्यूझीलंडमधले पहिले नागरिक मानले जातात. १९५७ मध्ये संस्थेला ५० वर्षं झाली तेव्हा त्यांचं चित्र टपाल तिकिटावर आलं. मुलगी मेरी हिनं वडिलांच्या पद्धतीवर एक पुस्तक लिहिलं आणि पुढे त्यांचं चरित्रही लिहिलं.

प्लंकेट सोसायटी आजही न्यूझीलंडमध्ये काम करते. मात्र तिच्या परिचारिका आता आयांना घड्याळापेक्षा बाळाच्या खुणांकडे लक्ष द्यायला सांगतात.

मग घड्याळ टाकूनच द्यायचं का?

अगदी तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, पाणीही नको, आणि बाळ मागेल तेव्हा, दिवसा आणि रात्रीही पाजावं. मागतंय हे ओळखायचं कसं? बाळ तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवतं, मुठी तोंडात घालतं, ओठांनी चोखल्यासारखं करतं. रडणं ही उशिराची खूण आहे. चिडून रडणारं बाळ नीट दूध ओढत नाही, त्याला आधी शांत करावं लागतं. पोट भरलं की बाळ स्वतःच तोंड सोडतं, मुठी सैल पडतात. बाटलीनं पाजत असाल तरी हेच लक्षात ठेवायचं. उरलेलं दूध संपवायलाच हवं, असा आग्रह नको.

पण काही बाळं स्वतःहून मागत नाहीत. वेळेआधी जन्मलेली, कमी वजनाची, कावीळ झालेली किंवा फार झोपाळू नवजात बाळं भूक असूनही झोपून राहतात. त्यांना दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावं लागतं. तिथे घड्याळ उपयोगी पडतं.

पोट भरतंय की नाही, हे कसं कळेल? पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल, पाजताना गिळल्याचा आवाज येत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. शू कमी झाली, बाळ मलूल पडलं, पाजायला उठवूनही उठत नसेल किंवा दोन आठवड्यांनंतरही जन्माच्या वजनावर आलं नसेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायला हवं.

वजनकाटा, स्वच्छता आणि घरी येऊन आईला धीर देणारी परिचारिका ही ट्रुबी किंग यांची देणगी आजही टिकून आहे. त्यांचं वेळापत्रक मात्र मागे पडलं. म्हणून पुढच्या वेळी बाळ तासाभरातच पुन्हा दूध मागायला लागलं, तर आधी त्याच्या मुठी आणि ओठ पाहा. बहुतेक वेळा ते एवढंच सांगत असतं की आज त्याला कालच्यापेक्षा थोडं जास्त हवंय.